चांदण्यातला समुद्र तैलरंगात: दांडीच्या किनाऱ्यावरून कॅनव्हासपर्यंत

कोजागरीला दुधात चंद्र बघायचा तो मध्यरात्री, डोक्यावर आलेला. समुद्रावरचं चांदणं रंगवायला मात्र ही वेळ उपयोगाची नाही. चंद्र डोक्यावर असताना पाण्यावर ती लांब चमचमती वाट पडतच नाही. उजेड पायाशी कुठेतरी विखुरतो आणि क्षितिजाकडचं पाणी काळपट राहतं. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र उगवतो तो पाठीमागे, डोंगराच्या बाजूने. संध्याकाळी सात वाजता समुद्रावर मोठा गोल चंद्र उगवलेला दाखवणारं कोकणचं चित्र पाहिलं की मला लगेच कळतं, हा माणूस तिथे उभा राहिलेला नाही.

मी मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर जातो. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग आहे. त्याची लांब, बुटकी तटबंदी क्षितिजाला टेकून बसलेली असते आणि चांदण्याच्या चित्राला असा एक आडवा काळा आकार फार मोलाचा असतो. हा लेख त्याच एका दृश्याबद्दल आहे, पण पद्धत हर्णै, मुरूड, गोवा, कुठेही तीच लागू पडेल.

कोणत्या रात्री, किती वाजता

पहिल्या खेपेला मी पौर्णिमेलाच गेलो होतो. किनाऱ्यावर रापणीची जाळी आवरत बसलेले एक काका म्हणाले, "पुनवेक कित्याक येतंस? आदल्या राती ये." तेव्हा कळलं नाही, नंतर हिशेब मांडला तेव्हा पटलं. पौर्णिमेचा चंद्र मावळतो साधारण सूर्योदयाच्या सुमारास. म्हणजे तो क्षितिजाजवळ येईपर्यंत पूर्वेला फटफटतं आणि चांदणं विरून जातं. चंद्राचं मावळणं दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकतं. त्यामुळे चतुर्दशीचा चंद्र तेवढा आधी, आकाश पूर्ण काळं असतानाच खाली उतरतो. पहाटे चार ते पाच ही तुमची वेळ. तेव्हा चंद्र क्षितिजापासून इतका जवळ असतो की चंद्र, त्याखालची वाट आणि किल्ला हे तिन्ही एका चौकटीत बसतात.

भरती-ओहोटीही बघून घ्या. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चौदा गुणिले पाऊण, म्हणजे साडेदहाच्या आसपास. त्यानंतर सहा तासांनी, साडेचार-पाचला, ओहोटी. पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीही मोठी असते. पाणी दूर गेलेलं, आणि मधल्या ओल्या पुळणीवर चंद्राचा दुसरा, मंद उजेड. पुढच्या भागात काय रंगवायचं हा प्रश्नच उरत नाही.

ऋतूनुसार चंद्र मावळण्याची जागा बदलते. थंडीत पौर्णिमेच्या सुमाराचा चंद्र पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकून मावळतो, उन्हाळ्यात दक्षिणेकडे. तो किल्ल्याच्या कुठल्या अंगाला हवा त्याप्रमाणे किनाऱ्यावर चालत जागा ठरवा. मला तो तटाच्या बाहेर, मोकळ्या पाण्यावर आवडतो. किल्ल्याच्या बरोबर मागे आला की चित्र कॅलेंडरसारखं दिसायला लागतं.

किनाऱ्यावर रंग न्यायचे नाहीत

अंधारात रंग कालवता येत नाहीत. निळा समजून हिरवा उचलाल. तिथे न्यायचं ते एक छोटं स्केचबुक, कोळशाची कांडी, खोडरबर आणि जाड पेन्सिल. मोबाईल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिलं की ती मेहनत वाया जाते. फोटोवर विसंबू नका. नाइट मोड रात्रीचा दिवस करतो आणि चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका होतो. तटाच्या आकारासाठी फोटो हवा असेल तर तो दिवसा काढून ठेवा.

मी कागद आधी कोळशाने राखाडी करून घेतो. किल्ला काळा भरतो, उजेडाची जागा खोडरबराने काढतो. झालं, पाच मिनिटांचं काम. मग त्याच्याभोवती आकडे लिहितो: 1 म्हणजे सगळ्यात काळं, 10 म्हणजे कोरा पांढरा. एका रात्रीची माझी नोंद अशी आहे: चंद्र 10, क्षितिजाजवळची वाट 8, चंद्राभोवतीचं आकाश 5, चौकटीच्या कोपऱ्यातलं आकाश 3, वाटेबाहेरचं पाणी 3, तट 2, जवळचं खडप 1, ओली पुळण 4. पुढचं सगळं चित्र या आकड्यांवर उभं राहतं. नीट पाहा, 6 आणि 7 जवळजवळ नाहीतच. अंधाराच्या पायऱ्या पुष्कळ, मग एक मोठी उडी, आणि वर थोडासा उजेड. चांदणं त्या उडीमुळे दिसतं. नवशिक्याच्या चित्रात हमखास उलटं असतं: सगळीकडे मधला निळा आणि त्यावर भरपूर पांढरा.

रंगाबद्दलही एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचा लाल पट्टा दिवसा झगझगतो, तोच चांदण्यात काळा दिसतो, आणि शेजारचा निळा पट्टा राखाडी का होईना, उजळ वाटतो. अंधुक प्रकाशात आपली नजर तांबड्याला आंधळी होते आणि निळ्या-हिरव्याला जास्त दाद देते. 19व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो. चंद्राचा प्रकाश स्वतः निळा नसतो, उलट सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो. निळेपणा येतो आपल्या डोळ्यांतून. म्हणून चांदण्यासाठी ट्यूबमधला निळा जसाच्या तसा फासू नका. राखाडीतून हळूच डोकावणारा निळा-हिरवा हवा.

साहित्य

24 बाय 18 इंचांचा, आडवा, चांगला प्रायमर दिलेला कॅनव्हास घ्या. रंग सात पुरतात: टायटेनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, विरिडियन, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. काळा रंग मी पेटीतच ठेवत नाही. कॅम्लिनचे आर्टिस्ट दर्जाचे रंग यासाठी उत्तम चालतात. फक्त स्टुडंट दर्जाचा पांढरा घेऊ नका, शेवटच्या उजेडात तो तोकडा पडतो. ब्रश: डुकराच्या केसांचे दोन-तीन चपटे, एक रुंद मऊ कोरडा ब्रश, एक बारीक गोल. एक पॅलेट नाइफ. टर्पेंटाइन, जवसाचं तेल, आणि सुती चिंध्या भरपूर. खिडकी उघडी ठेवून काम करा, टर्पेंटाइनच्या वाफेने डोकं चढतं.

अंधार कालवायचा

या चित्रातला अर्धा वेळ मी पॅलेटवर घालवतो आणि तुम्हीही घालवा.

दोन भाग अल्ट्रामरीन आणि एक भाग बर्न्ट अंबर नाइफने नीट एकजीव करा. जवळजवळ काळा रंग तयार होतो, पण ट्यूबमधल्या काळ्यासारखा मेलेला नसतो. त्याचे तीन गोळे करा. पहिला तसाच ठेवा, तो आकाशाचा. दुसऱ्यात बर्न्ट सिएना घालून तो ऊबदार करा, तो तटाचा आणि खडपाचा. तिसऱ्यात थोडं विरिडियन आणि टाचणीच्या डोक्याएवढं प्रशियन ब्लू घाला, तो पाण्याचा. प्रशियन ब्लू मोजूनच घ्या, जरा जास्त झाला तर अख्खा गोळा गिळून टाकतो. पॅलेटवर तिन्ही गोळे सारखेच काळे दिसतील. पांढऱ्या कागदावर बोटाने पुसून पाहा, तिघांची जात वेगळी दिसेल. त्या फरकामुळे किल्ला पाण्यात बुडत नाही आणि पाणी आकाशात मिसळून जात नाही, रंग तितकेच गडद असूनही.

आता पहिल्या आणि तिसऱ्या गोळ्यातून पायऱ्या काढा: 2, 3, 4, 5. प्रत्येक पायरीला पांढरा लागेल, पण नुसता पांढरा घातला की रंग खडूसारखा पिठूळ होतो. पांढऱ्यात आधीच चिमूटभर यलो ऑकर मिसळून ठेवा. चंद्राजवळच्या 5 क्रमांकाच्या आकाशात हा ऑकर जरा जास्त जाऊ द्या, म्हणजे तिथे हिरवट-राखाडी ऊब येईल. कालवलेली पायरी स्केचमधल्या आकड्याशी ताडून बघा. शंका आली तर पॅलेटचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. मोबाईलचा एवढा एक उपयोग मला मान्य आहे.

पहिला थर: पुसून काढलेलं चित्र

कॅनव्हासवर अंबर आणि अल्ट्रामरीनचा पातळ हात फिरवा, फक्त टर्पेंटाइनमध्ये. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा पातळ. क्षितिजरेषा खालून साधारण 40 टक्क्यांवर आखा, अगदी मध्यावर नको. चंद्र एका बाजूला, उजव्या किंवा डाव्या तृतीयांशात.

चंद्राचा आकार हा मोठा प्रश्न. हात लांब करून पाहा, करंगळीच्या नखाच्या निम्म्या भागात चंद्र झाकला जातो. तो आकाशात जेमतेम अर्धा अंश भरतो. 24 इंच रुंदीत तुम्ही साधारण 50 अंशांचं दृश्य बसवत असाल तर खरा चंद्र सहा मिलिमीटरचा होतो. मी आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत जातो, त्यापुढे नाही. थाळीएवढा चंद्र काढला की समुद्र तळ्याएवढा होतो.

आता चिंधी बोटाला गुंडाळा आणि चंद्र, त्याच्याभोवतीचं आकाश, पाण्यातली वाट आणि ओली पुळण पुसून काढा. खालचा कॅनव्हास उजळून वर येईल. तट आणि खडप घट्ट रंगाने भरा. एवढ्यावर लांब जाऊन बघा. रंग नसतानाही रात्र दिसायला हवी. दिसत नसेल तर इथेच दुरुस्त करा, पुढे रंग कितीही सुंदर लावलेत तरी ही चूक झाकत नाही. हा थर एक-दोन दिवसांत वाळतो, अंबर लवकर सुकणारा रंग आहे.

दुसरा थर: आकाश, मग पाणी

तीन भाग टर्पेंटाइनला एक भाग जवसाचं तेल. आकाश चंद्रापासून सुरू करून बाहेर, कोपऱ्यांकडे न्या: 5, 4, मग 3. छोटे तिरपे फटकारे एकमेकांवर काट मारत लावा आणि शेवटी कोरड्या मऊ ब्रशने अगदी अलगद फिरवून सांधे मोडा. वर्तुळाकार फिरवू नका, चंद्राभोवती बैलगाडीचं चाक तयार होतं. ढग हवा असेल तर एकच पुरे. चंद्राकडची त्याची कड उजळ आणि पोट गडद ठेवा.

क्षितिजावर पाणी आकाशापेक्षा अर्धी पायरी गडद असतं, पण रेघ सुरीसारखी नसावी. ओल्या रंगावरून कोरडा ब्रश एकदा आडवा ओढा. तटाची वरची कड मात्र थोडी स्पष्ट राहू द्या आणि जिथे ती पाण्याला टेकते तिथे पुन्हा विरघळू द्या.

पाण्याचे फटकारे आडवेच असावेत. क्षितिजाजवळ बारीक आणि दाट, खाली येताना लांब, रुंद आणि विरळ. वाट नेहमी चंद्राच्या बरोबर खाली, सरळ तुमच्याकडे येते. ती तिरपी कधीच पडत नाही, मग चंद्र चौकटीच्या कडेला का असेना. ही चूक भल्याभल्यांच्या चित्रांत दिसते.

वाट म्हणजे सलग पट्टा नव्हे. पहाटे गुडघ्यावर बसून मी बराच वेळ एकच लाट पाहत होतो. लाट उठताना तिचा आपल्याकडचा उतार काळा होतो, कारण चंद्र तिच्या पलीकडे आहे. माथ्याच्या शिरेवर क्षणभर एक धागा चमकतो. लाट फुटली की पांढरा फेस उसळतो असं आपल्याला वाटतं, पण आपल्या बाजूचा तो फेस सावलीत असतो, राखाडी, 4 क्रमांकाचा. फक्त त्याच्या वरच्या काठावर उजेडाची किनार असते. मग फेस पसरतो, सपाट होतो, आणि तेव्हा कुठे चंद्राचा उजेड त्याच्या विरलेल्या जाळीत अडकतो. म्हणून चित्रातला फेस आधी राखाडी रंगवा. पांढरा नंतर, काठावर, तोही तुटक.

थांबायचं

हा थर आठवडाभर वाळू द्या. कोकणच्या दमट हवेत दहा दिवस धरा, पावसाळ्यात तर हे चित्र सुरूच करू नका. बोटाच्या टोकाला चिकटत नाही, एवढ्याने भागत नाही. नख हलकं दाबून बघा.

अमेरिकन चित्रकार अल्बर्ट पिंकहॅम रायडर (1847-1917) याने चांदण्यातले समुद्र विलक्षण ताकदीने रंगवले. पण खालचे थर ओले असतानाच तो त्यांवर नवे थर, वार्निश आणि डांबरी रंग चढवत राहायचा. त्याच्या हयातीतच चित्रांना भेगा पडायला लागल्या आणि रंग काळवंडले. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, आणि मधे वाळायला वेळ: एवढं सांभाळलंत तर तुमचं चित्र टिकेल. रात्रीच्या चित्रात हे जास्तच जपावं लागतं, कारण थर बरेच होतात.

वाळल्यावर कोपऱ्यांवर आणि पाण्याच्या गडद भागांवर अल्ट्रामरीनचा पारदर्शक हात द्या: निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन, रंग नावापुरता. मऊ ब्रशने लावा, चिंधीने बराचसा टिपून घ्या. अंधाराला खोली येते ती इथे.

उजेड

आता शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम. पांढऱ्यात ऑकरचा अंश घालून रंग घट्टच ठेवा, तेल मिसळू नका. आधी चंद्र, गोल ब्रशने एकदाच. त्याची कड आकाशात एका ठिकाणी जरा हरवू द्या, म्हणजे तो कागद कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही. मग क्षितिजाजवळची वाट, बारीक आडव्या ठिपक्यांनी, इतकी दाट की ते एकमेकांत मिसळावेत. मग पॅलेट नाइफच्या कडेवर रंग घेऊन खालच्या लाटांच्या शिरा. नाइफ टेकवायची, किंचित ओढायची, उचलायची. लागला तसा राहू द्यायचा.

माझं पहिलं चांदणं इथेच बिघडलं. खालचा थर पुरता वाळला नव्हता आणि प्रत्येक शीर मला अजून थोडी उजळ हवी होती. हात फिरवत गेलो, खालचा निळा वर येत गेला, आणि तासाभरात वाट सिमेंटसारखी झाली. तेव्हापासून मी फटकारे मोजतो. खालच्या तिसऱ्या भागात पंधरा-वीस. चुकलेला फटकारा त्यावर दुसरा न मारता नाइफने खरवडून काढतो.

वाटेच्या दोन्ही कडांना, थोड्या अंतरावर, दोन-तीन एकटे ठिपके टाका. पाणी हलतं ते त्यांच्यामुळे. ओल्या पुळणीवर 5 क्रमांकाचा एक पुसट उभा हात, बस. किल्ल्यात एखाद्या घराचा पिवळा दिवा दाखवायचा मोह होईल. दाखवायचा तर एकच, टाचणीएवढा, आणि चंद्रापेक्षा मंद.

काम करताना खोलीत भरपूर पांढरा उजेड ठेवा. पिवळ्या, मंद दिव्याखाली रंगवलेली रात्र सकाळी बघवत नाही. तपासायला मात्र दिवे मालवा आणि दारातून येणाऱ्या अंधुक प्रकाशात चित्र पाहा. आकडे बरोबर असतील तर सगळं मावळेल आणि चंद्र व वाट उरेल.

वाळल्यानंतर

काही दिवसांत गडद भागांवर निस्तेज डाग दिसायला लागतील. घाबरू नका, तेल खाली शोषलं गेलेलं असतं. चित्र स्पर्शाला वाळल्यावर तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात लावून चिंधीने पुसून घ्या. अंतिम वार्निश सहा महिन्यांनी, जाड उजेड असेल तर वर्षाने. घाई केलीत तर चित्र चिकट राहतं आणि त्यावर बसलेली धूळ कायमची होते. रात्रीच्या चित्राला वार्निश लावावंच, त्याशिवाय काळे रंग राखाडी दिसतात. समुद्राजवळ राहत असाल तर चित्र भिंतीपासून बोटभर पुढे टांगा, मागे हवा खेळली नाही तर कॅनव्हासला बुरशी धरते.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. त्या दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि चित्रावर दिवा कुठून पडतो ते पाहा. अर्खिप कुइंजी या चित्रकाराने 1880 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नीपर नदीवरच्या चांदण्याचं एकच चित्र प्रदर्शनात मांडलं होतं: खिडक्या झाकलेल्या, खोली अंधारी, आणि उजेड फक्त चित्रावर. घरी तेवढं करायची गरज नाही. पण वार्निश केलेला काळा भाग समोरच्या खिडकीला आरशासारखा धरतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा आणि दिवा वरून, जरा डाव्या किंवा उजव्या अंगाने द्या. नाइफने लावलेल्या शिरांना त्या बाजूने उजेड लागतो.